भाऊसाहेब, गाडी येत नाही तुम्हाला?

साताऱ्यात त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला मोटारसायकल येत नाही, हे लोकांना खरंच वाटत नाही. पोलिसांनी लायसन्स काढून घेतलं का, डॉक्टरांनी बंदी घातली का, असंच आधी विचारतात. माझं कारण साधं होतं. विशीत डोंबिवलीला गेलो आणि सोळा वर्षं मध्य रेल्वेनं कामावर नेलं-आणलं. त्याआधी घरी वडिलांची सायकल होती. गाडी शिकायची वेळच आली नाही.

२०२४ मध्ये आईसाठी साताऱ्याला परत आलो. कोरेगावच्या एका हायस्कूलमध्ये क्लार्कची नोकरी लागली. घरापासून शाळा वीस किलोमीटर. वर्षभर एसटीनं केलं. २०२५ च्या २५ जानेवारीला एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, पण खरं दुखणं भाड्याचं नव्हतं. संध्याकाळी सव्वापाचची गाडी चुकली की स्टँडवर किती वेळ उभं राहायचं याला हिशेब नसायचा. मग कुणीतरी शिक्षक म्हणायचे, ‘चला भाऊसाहेब, सोडतो माहुलीपर्यंत.’ मागच्या सीटवर बसून रोज कुणाच्या तरी घाईत घरी यायचं, याचा एक वेगळा थकवा असतो.

मे महिन्यात ठरवलं, या वर्षी गाडी. पुढचे सहा महिने काय झालं ते क्रमानं लिहितो.

लर्निंग

१० जून, मंगळवार. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं घरबसल्या लर्निंग लायसन्स निघतं. आधी रस्तासुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो, मगच परीक्षेचा पासवर्ड येतो. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर यायला हवेत, कॅमेरा चालू. मी दहावीच्या पेपरला बसल्यासारखा दार लावून बसलो होतो आणि आई बाहेरून ‘चहा ठेवू का’ विचारत होती. पास झालो. चुकलेले दोन्ही प्रश्न घाटातल्या नियमांचे होते. आमच्या घराच्या गच्चीतून यवतेश्वरचा घाट दिसतो, ही गंमत वेगळी.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. अर्जात वाहनाचा प्रकार निवडताना ‘विथ गिअर’ आणि ‘विदाउट गिअर’ असे दोन वेगळे पर्याय येतात. दुसऱ्याकडून अर्ज भरून घेणार असाल तर तो कोणत्या चौकोनात टिचकी मारतोय ते डोळ्यांनी बघा. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं स्कूटरचं लायसन्स आहे, त्यावर मोटारसायकल चालत नाही हे त्यांना चार वर्षांनी कळलं. दुसरी गोष्ट, वयाची चाळिशी ओलांडली असेल तर फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरचा दाखला लागतो. तो कुठल्याही डॉक्टरच्या लेटरहेडवर चालत नाही. ज्या डॉक्टरांकडे पोर्टलचा लॉगिन आहे तेच तो ऑनलाइन चढवतात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तो नव्हता. त्यांनीच दुसऱ्यांचं नाव सांगितलं, तरी त्यात दोन दिवस गेले. लर्निंगची फी सगळी धरून दोनशेच्या आसपास.

मामांची शाळा

शिकवलं आमच्या शाळेच्या शिपाई मामांनी, त्यांच्या जुन्या स्प्लेंडरवर. शाळा सुटली की मैदानात रोज अर्धा तास. जूनचा पाऊस, मैदानात चिखल, आणि व्हरांड्यात खो-खोच्या मुली बघायला उभ्या.

पहिले दोन दिवस मामांनी ॲक्सिलेटरला हात लावू दिला नाही. ‘भाऊसाहेब, नुसता क्लच सोडा. हळू. गाडी आपोआप हलली की परत दाबा.’ गाडी हलते, थांबते, हलते, थांबते. शंभर वेळा तरी केलं असेल. आता वाटतं, मी काही शिकलो असेन तर त्या दोन दिवसांतच. तिसऱ्या दिवशी ॲक्सिलेटर मिळाला आणि मी सरळ झेंड्याच्या कट्ट्याकडे गेलो. पडलो. पोटरीला सायलेन्सर लागला, त्याचा डाग अजून आहे. मामा धावत आले ते गाडीकडे. हे मी त्यांना अजून ऐकवतो.

शिकताना हाफ पँट घालू नका. आणि लर्निंगवर रस्त्यावर उतरायचं तर पुढे-मागे लाल ‘एल’ हवा आणि मागे बसणाऱ्याकडे पक्कं लायसन्स हवं. लायसन्स नसलेल्या बायकोला मागे बसवून शिकायला जाणारे खूप दिसतात, ते नियमात बसत नाही.

आठ

लर्निंग निघाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. लर्निंग सहा महिने चालतं. साडेसातशेच्या वर फी ऑनलाइन भरून २२ जुलैची अपॉइंटमेंट मिळाली. रजा टाकली, मामांची गाडी घेतली, मामांनाही रजा टाकायला लावली. आरटीओ कार्यालयात कागद तपासताना कळलं की गाडीची पीयूसी, म्हणजे प्रदूषण चाचणीचा दाखला, तीन आठवड्यांपूर्वी संपलीय. परीक्षेला नेलेल्या गाडीचं आरसी म्हणजे नोंदणीचा कागद, इन्शुरन्स, पीयूसी सगळं चालू लागतं. चूक सर्वस्वी माझी, उसनी गाडी नेताना मीच बघायला हवं होतं. पीयूसीला पन्नास रुपये लागतात. त्या पन्नास रुपयांपायी दोघांची रजा गेली आणि पुढची तारीख ५ ऑगस्टची मिळाली.

त्या चौदा दिवसांत मी रोज आठ काढला, म्हणजे परीक्षेत लागतो तसा आठाच्या आकड्यात गाडी फिरवायचा सराव केला. मामांनी मैदानात फक्कीनं आखून दिला होता. आठ काढताना चाकाकडे बघायचं नाही, पुढच्या वळणाकडे बघायचं. पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, मागचा ब्रेक अगदी हलका. पाय टेकला की संपलं. ५ तारखेला माझ्यापुढे एकोणीस वर्षांची पोरं होती. त्यांतला एक आठ काढताना आरशात केस नीट करत होता. माझी पाळी आली तेव्हा तोंड इतकं कोरडं पडलं होतं की साहेबांनी नाव विचारलं तर आवाज फुटला नाही. आठ निघाला. सगळा खेळ मिनिटाभराचा. लायसन्स काही दिवसांनी स्पीड पोस्टानं घरी आलं. त्याआधी मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये दिसत होतं.

कुठली गाडी?

इथून पुढचा भाग लायसन्सपेक्षा अवघड गेला, कारण लायसन्स देणारा एक असतो आणि गाडी सुचवणारे पन्नास.

भाच्याचं म्हणणं, मामा, रॉयल एनफील्डची हंटर ३५० घे, आयुष्यात एकदाच घेणार ना. वजन १८१ किलो. माझं ६१. शेजारच्या काकांचं म्हणणं स्कूटर घे, डिकी मिळते. ते मी खरंच विचारात घेतलं. पण माहुलीच्या पुढे रस्त्याला पावसाळ्यात जे खड्डे पडतात त्यांत स्कूटरचं छोटं चाक आणि मोटारसायकलचं सतरा-अठरा इंची चाक यांत फरक पडतो, हे मागच्या सीटवर बसून वर्षभर माझ्या कमरेनं मोजलेलं होतं. इलेक्ट्रिकचा विषय एका वाक्यात संपला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली बोळात प्लग नाही.

मग सेकंड हँड. ऑगस्टच्या मध्यावर एक सहा वर्षं वापरलेली गाडी बेचाळीस हजारांना सांगितली गेली. मालक गोड माणूस, गाडी चकाचक. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघितला तर आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच. ‘कर्ज केव्हाच फिटलंय, फक्त कागद काढायचा राहिलाय,’ असं उत्तर आलं. असेलही. पण तो कागद, म्हणजे फायनान्सवाल्याची एनओसी, हातात आल्याशिवाय फॉर्म २९ आणि ३० वर सही करून काही उपयोग नाही, गाडी नावावर होत नाही. मी सोडून दिली. जुनी गाडी वाईट नसते, पण जुनी गाडी पारखायला गाडी कळावी लागते. मला इंजिनच्या आवाजातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तेवढ्यात १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार असं भाषणात सांगितलं आणि सगळा बाजारच थांबला. शोरूमवालेही दबक्या आवाजात म्हणू लागले, थांबायचं तर थांबा. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ ऐवजी १८ टक्के, लागू २२ सप्टेंबरपासून. म्हणजे घटस्थापनेपासून. मधे पितृपंधरवडा.

हा पंधरवडा माझ्या पथ्यावर पडला. शोरूम ओस. एरवी टेस्ट राइडला पाच मिनिटं देणारी पोरं अर्धा अर्धा तास गप्पा मारायला मोकळी होती. मी मामांना घेऊन तीन-चार ठिकाणी गेलो.

माझी उंची पाच फूट तीन इंच. सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते, पण खरी परीक्षा रोजच्या चपला-बुटांत बसून दोन्ही पाय टेकतात का ही. सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ मला कागदावर फार आवडली होती. तिची सीट ८२५ मिलिमीटर. बसलो तर बोटंच टेकली, आणि गाडी जरा डावीकडे कलली तसं विक्रेत्यानं पटकन हँडल धरलं. विषय संपला. टीव्हीएसची रेडर १२५ बसायला खालची, ७८० मिलिमीटर, दिसायला छान, चालवायलाही हलकी वाटली. पण तिचा गिअर एक खाली आणि चार वर. मी शिकलेलो स्प्लेंडरवर, जिथे सगळे गिअर पुढच्या बोटांनी खालीच दाबायचे. टेस्ट राइडला दुसरा टाकायला गेलो आणि पाय सवयीनं खाली गेला. सवय झाली असती, पण पन्नाशीकडे निघालेल्या पायाला किती नव्या सवयी लावायच्या?

आता मामांची कल्पना सांगतो, कारण माझी गाडी तिनंच ठरवली. आमचं घर मंगळवार पेठेत, बोळात, आणि बोळ चढाचा. गाडी रात्री आत लावायची म्हणजे तोंड आत करून घालायची आणि सकाळी इंजिन बंद ठेवून मागे ओढत, चढाच्या दिशेनं, बाहेर काढायची. वळवायला जागाच नाही. मामा म्हणाले, ‘भाऊसाहेब, चालवून काय बघताय, ढकलून बघा.’ शोरूमच्या पोराला आधी कळेचना. मग आम्ही प्रत्येक गाडी शोरूमच्या उतारावरून उलटी वर ओढायला सुरुवात केली. पाहणारे हसत होते. स्प्लेंडर ११२ किलो, ती मी दोनदा थांबत वर आणली. होंडाची शाइन १०० भरते ९९ किलो. ती एका दमात आली. तेरा किलो म्हणजे फार नाही, असं मला घरी बसून वाटलं असतं.

एका शेजाऱ्यांनी सांगितलं, शंभर सीसी घेऊ नकोस, पिकअप नाही. खरंय, नाही. पण माझा रस्ता सातारा-कोरेगाव, हायवेवर मला जायचं नाही, मागे बसणार आई, तीही महिन्यातून दोनदा. साठच्या पुढे जायची मला हौस नाही आणि धाडसही नाही. डिस्क ब्रेक नाही ही गोष्ट मात्र मी मान्य करूनच घेतली. पुढेमागे ड्रमच आहेत, कॉम्बी ब्रेक आहे, म्हणजे मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पावसात लांबून ब्रेक लावायचा हे मनात पक्कं ठेवलंय.

कोटेशन

पहिल्या ज्या शोरूममध्ये कोटेशन घेतलं त्याचं नाव लिहीत नाही. कागदावर ‘हँडलिंग’ म्हणून बाराशे आणि ‘ॲक्सेसरी किट’ म्हणून चौतीसशे रुपये होते. किटमध्ये काय, तर सीट कव्हर, टाकीचं कव्हर, गार्ड आणि एक देवाचा स्टिकर. मी विचारलं, हँडलिंग म्हणजे? उत्तर आलं, सगळेच घेतात. मी क्लार्क माणूस, सतरा वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासलीत. प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागितली, दुसऱ्या ठिकाणाहून तसाच कागद आणला, तेव्हा पहिल्यानं हँडलिंग खोडलं. पण मी दुसरीकडेच घेतली.

ऑन-रोडचा हिशेब असा असतो. एक्स-शोरूम किंमत, माझ्या वेळेला चौसष्ट हजारांच्या आसपास. जीएसटी उतरल्यानं यात साडेपाच हजारांचा फरक पडला होता. त्यावर रोड टॅक्स, महाराष्ट्रात ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११. शाइन १०० चं इंजिन ९८.९८ सीसी आहे, म्हणजे नावात शंभर असूनही टॅक्स दहाचाच. मग नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, वर जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा, आणि चालवणाऱ्या मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असं नाही, बाहेरून चौकशी करा. मी बाहेरचा आकडा नुसता दाखवला तर त्यांनी नऊशे कमी केले. नोंदणी, स्मार्ट कार्ड, नंबर प्लेट धरून एकूण ७७,९०० झाले. हेल्मेट १,४५०, तेही आयएसआयचं. हेल्मेट गाडीच्या आधी घेतलं. भुवयांच्या वरून डोक्याला टेप लावून माप घ्या, ‘सगळ्यांना बसतं’ म्हणून देतात ते कुणालाच नीट बसत नाही.

चाळीस हजार सेवकांच्या पतसंस्थेतून उचलले, बाकी साठवलेले. फायनान्स कंपनीचा बोजा आरसीवर नको, हे त्या सेकंड हँड गाडीनं शिकवलं होतं.

वाट बघणं

मी १३ सप्टेंबरलाच बुकिंग करणार होतो. आई म्हणाली, ‘पितरांत एक रुपया द्यायचा नाही.’ वाद घातला नाही. २२ तारखेला, घटस्थापनेला, सकाळी दहाला गेलो तर माझ्यासारखीच पन्नास माणसं, प्रत्येकाला दसऱ्याला गाडी हवी. रंगाचं काही चालेल म्हटलं तरी दसरा मिळणार नाही हे तिथेच कळलं. नियमानं नोंदणी होऊन नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाहीत आणि ते योग्यच आहे. २ ऑक्टोबरला सगळ्या पेठेत हार घातलेल्या गाड्या फिरत होत्या. आम्ही वडिलांच्या सायकलची पूजा केली.

९ ऑक्टोबरला, गुरुवारी, गाडी मिळाली. काळी, निळे पट्टे, एमएच ११. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि मग पोवई नाक्याचा संध्याकाळचा ट्रॅफिक बघून मी चावी मामांच्या हातात दिली. माझी नवी गाडी मामांनी चालवत घरी आणली आणि मी मागे बसून आलो. हे लिहायला लाज वाटते, पण कुणी असंच केलं तर त्यानं मनाला लावून घेऊ नये म्हणून लिहितो.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, बाहेर पडायचो. पहिल्या दिवशी राजवाडा आणि परत. मग संगम माहुलीच्या पुलापर्यंत. पुलावर कृष्णेवरून वारा येतो तेव्हा हलकी गाडी जरा हलते, हेही ९९ किलोचं दुसरं टोक. पाचव्या दिवशी कोरेगाव. शाळेच्या बंद फाटकासमोर गाडी लावून पाच मिनिटं बसलो आणि परत फिरलो. चढावर अर्ध्यात थांबून पुन्हा निघणं ही माझी सगळ्यात मोठी भीती होती. त्यासाठी बोळाच्या तोंडाशीच सराव केला, मागचा ब्रेक दाबून ठेवायचा, क्लच सुटत येऊन गाडी ताणली की मगच ब्रेक सोडायचा. दोनदा बंद पडली, शेजारच्या काकांनी खिडकीतून ‘स्कूटर घे म्हटलं होतं’ एवढंच ऐकवलं.

३ नोव्हेंबर, सोमवार, शाळेचा पहिला दिवस आणि माझाही. सकाळी बोळातून गाडी उलटी ओढली, एका दमात. दोन दिवसांपूर्वीच, १ तारखेपासून, कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला होता. माहुली ओलांडली आणि पुढे उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी, बाहेर लोंबणारी वाढी, मागचा दिवा नाही. मागून पोरं सटासट काढून जात होती. मी मागेच राहिलो.

आता तीन आठवडे झालेत. ॲव्हरेज साठच्या थोडं वर बसतंय. पेट्रोल १०४ च्या आसपास धरलं तर महिन्याला सोळा-सतराशे रुपये. ट्रॉलीला ओव्हरटेक अजून करत नाही, ती वळेपर्यंत मागे चालतो. दहा मिनिटं उशीर होतो. हेडमास्तरांना सांगून ठेवलंय की हंगाम संपेपर्यंत मस्टरवर माझी सही दहा मिनिटं उशिरा होईल. ते म्हणाले, ‘भाऊसाहेब, लवकर निघा की मग.’